पासिंग झाले म्हणजे जीप धडधाकट झाली असे नव्हे
जुनी फोर-व्हील गाडी घेण्यापूर्वी शेतकऱ्यांनी काय पाहावे?

पावसाळा जवळ आला की आमच्या डोंगरी भागात दोन गोष्टींची विचारपूस सुरू होते. एक भाताच्या बियाण्याची आणि दुसरी जुन्या जीपची. गावठाणापर्यंत डांबरी रस्ता आला असला तरी वरच्या वाड्यांना अजून लाल मातीचीच वाट आहे. जून ते सप्टेंबर त्या वाटेवर साधी पिकअप चिखलात बसते. दुधाचे कॅन, खताची पोती, आजारी माणूस, बाळंतीण, सगळे खाली आणायचे तर चारही चाकांना जोर देणारी गाडी लागते. नवी फोर-व्हील गाडी घेणे दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. म्हणून वीस-पंचवीस वर्षे चाललेली महिंद्राची जीप, जुनी जिप्सी किंवा फोर-व्हीलची पिकअप शोधली जाते.

अशी गाडी घेताना प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, "पासिंग कधीपर्यंत आहे?" पासिंग पुढच्या तीन-चार वर्षांचे असले की घेणारा निर्धास्त होतो. हा निर्धास्तपणा किती खरा, याबद्दल आज लिहायचे आहे. मी शेतकी पदविका घेतलेला विस्ताराचा माणूस, मोटारीतला जाणकार नव्हे. तरीही लिहितो आहे, कारण या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली.

साहेब, पासिंग होतं की!

दोन वर्षांपूर्वी वरच्या वाडीचे एक शेतकरी, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, माझ्याकडे कागद घेऊन आले. आल्याचे पैसे हातात आले होते आणि घाटाखालच्या एका गावात त्यांनी जीप पाहिली होती. "साहेब, तुम्ही शिकलेलं माणूस. एवढे कागद बघा आणि घेऊ का नको सांगा," असे म्हणाले. मी आर.सी. पाहिली. नोंदणीचे नूतनीकरण सात महिन्यांपूर्वी झाले होते, म्हणजे अजून चार वर्षांहून अधिक मुदत होती. विमा चालू, पी.यू.सी. चालू, बँकेचा बोजा नाही. "कागद एकदम चोख आहेत तात्या, घ्या बिनधास्त," मी सांगितले. गाडी मी पाहिलीसुद्धा नव्हती.

श्रावणात ते कुटुंबासह बाजारहून येत होते. मागे पेंडीची पोती होती. उतारावर ब्रेकचे पायडल एकदम तळाला गेले. हँडब्रेक ओढला, तोही धरेना. तात्यांनी प्रसंगावधान राखून गाडी दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराच्या अंगाला घातली. काकींचा हात मोडला, नातवाच्या कपाळाला चार टाके पडले. जिवावरचे हातावर निभावले एवढेच. मी भेटायला गेलो तेव्हा तात्या रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "साहेब, पासिंग होतं की!"

नंतर मिस्त्रीने चाके उघडली. मागच्या एका चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाईप ठेचून बंद केलेला निघाला. व्हील सिलिंडर गळत होता, तो बदलण्याऐवजी कुणीतरी हा सोपा उपाय केला होता. दुसऱ्या चाकाच्या लायनरवर ॲक्सलचे ऑईल उतरले होते. ब्रेक ऑईल चहासारखे काळे झाले होते. हे सगळे पासिंगच्या दिवशी तसेच होते की नंतरच्या सात महिन्यांत झाले, हे आता कुणीही सांगू शकत नाही. निरीक्षकाने आपले काम नीट केले असेल किंवा नसेल. आपल्याला कळायचे ते वेगळेच आहे. त्या सहीला पुढच्या सात महिन्यांतले काहीच ठाऊक नव्हते, आणि आम्ही मात्र तिच्यावर चार वर्षांचा भरवसा टाकला.

पासिंग म्हणजे नेमके काय?

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खाजगी गाडीची, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या जीपची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे चालते. एवढ्या काळात ती योग्यता तपासणीसाठी आर.टी.ओ.कडे न्यावी लागत नाही. १५ वर्षे झाली की पंचवीस नंबरचा फॉर्म भरून गाडी दाखवावी लागते आणि मग एका वेळी ५ वर्षांचे नूतनीकरण मिळते. मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत हा अर्ज करता येतो. हलक्या मोटारगाडीसाठी ६०० रुपये असलेली ही फी १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाली. २० वर्षांवरील गाड्यांना ती २०२५ साली आणखी वाढली. शिवाय १५ वर्षांवरील खाजगी गाडीला आपल्या राज्यात पर्यावरण कर आहे. तेव्हा मुदत संपत आलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. हा सगळा खर्च किमतीत धरावा.

पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीचे गणित वेगळे आहे. तिला फिटनेसचा दाखला लागतो. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत तो दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. म्हणजे जुनी भाड्याची गाडी वर्षातून एकदा तरी कुणाच्या नजरेखालून जाते. आपली पांढऱ्या पाटीची पंचवीस वर्षांची जीप मात्र पाच वर्षांतून एकदाच जाते. घाटात रोज ये-जा करणाऱ्या गाडीचे लायनर, क्रॉस, बुश पाच वर्षे टिकतील असे कुठलाही मिस्त्री छातीठोकपणे सांगणार नाही.

पी.यू.सी.बद्दलही गैरसमज आहे. तो दाखला फक्त धुराचा असतो. गाडीला ब्रेक आहेत की नाहीत याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

तपासणीवर किती विसंबावे?

नियमांत काय तपासायचे ते स्पष्ट लिहिले आहे. दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, वायपर, सायलेन्सर, ब्रेक, स्टेअरिंग हे सगळे त्यात येते. टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर खोल हवी, स्टेअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, अशी मापेही ठरलेली आहेत. पण नियम आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडते, हे न्यायालयापर्यंत गेलेले आहे. व्यावसायिक वाहनांच्या तपासणीबाबत एक जनहित याचिका झाली. त्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा चाचणी पथ असण्याबद्दल आदेश दिले. पुढे २०१८ मध्ये तपासणीत कसूर केल्याच्या कारणावरून परिवहन खात्यातील अनेक अधिकारी निलंबित झाले. केंद्र सरकारने २०२१ साली स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले आणि आपल्या राज्यात नाशिकला असे केंद्र आहे. तिथे ब्रेकची ताकद रोलरवर मोजली जाते. ही चांगलीच गोष्ट आहे.

तरीही तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, यंत्र असो की माणूस, तपासणी त्या एका दिवसाची असते. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे आणि घरी आल्यावर उतरवायचे, हा प्रकार गॅरेजवाल्यांना नवा नाही. दुसरी, तपासणी रिकाम्या गाडीची आणि सपाटीवर होते. आपल्याला गाडी भरून घाट उतरायचा असतो. तिसरी आणि फोर-व्हीलवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाची, गाडीचे पुढचे डिफरन्शल काम करते का, लो गिअर पडतो का, हे त्या तपासणीत पाहिलेच जात नाही. रस्त्यावर चालायला दोन चाकांचा जोर पुरतो. ज्या गुणासाठी आपण जास्त पैसे मोजतो तो गुण दाखल्यात कुठेच नसतो.

बैल बाजारात आपण काय करतो? व्यापाऱ्याने शिंगे घासून रंगवली, झूल घातली म्हणून भुलत नाही. दात मोजतो, खूर पाहतो, चालवून पाहतो आणि जमले तर औताला जुंपून पाहतो. दाखला असला तरी हे सोडत नाही. जीपच्या बाबतीत मात्र नवा रंग आणि पासिंगची तारीख पाहून आपण इसार देतो.

घेण्याआधीची पाहणी

पुढची पाहणी ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर घेऊन करावी. विकणाऱ्याचा मिस्त्री नको. त्याला एका दिवसाची मजुरी द्यावी लागली तरी ती वाया जात नाही.

नंबर : चासीवर ठोकलेला नंबर खडूने घासून स्वच्छ वाचावा व आर.सी.शी ताडून पाहावा. इंजिनचा नंबरही पाहावा. जुन्या जीपमध्ये पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवण्याचे प्रकार बरेच झाले आहेत. असा बदल कायद्याच्या ५२ कलमाप्रमाणे परवानगीने करून आर.सी.वर नोंदलेला असावा लागतो. नोंद नसेल तर पुढचे पासिंग अडेल आणि अपघात झाला तर विमा कंपनीला कारण मिळेल.

चासी : गाडीखाली आडवे होऊन पाहावे. खाली नुकताच काळा रंग मारलेला असेल तर जास्त बारकाईने पाहावे. छोट्या हातोडीने चासी ठोकत जावे. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. गंजलेल्या जागी बद्द आवाज येतो किंवा पापुद्रे सुटतात. पाट्यांचे शॅकल जिथे चासीला जोडलेले असतात ती जागा आणि स्टेअरिंग बॉक्स बसतो ती जागा खास पाहावी. वेल्डिंगचे जोड मोजावेत. कोकण किनाऱ्याला राहिलेल्या गाडीला खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो.

ब्रेक : इंजिन चालू ठेवून पायडल दाबून धरावे आणि मनात साठपर्यंत आकडे मोजावेत. पायडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. नंतर चारही चाके काढून ड्रम उघडायला लावावेत. विकणारा नको म्हणाला तर व्यवहारच नको म्हणावे. लायनर, व्हील सिलिंडर आणि प्रत्येक चाकाचा पाईप शेवटपर्यंत बोटाने चाचपावा. तात्यांच्या गाडीचा ठेचलेला पाईप असा पाच मिनिटांत सापडला असता.

ब्रेक ऑईल : हे ऑईल हवेतला दमटपणा शोषून घेते. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑईलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पाय दाबला तरी नुसती वाफच दबते. पायडल तळाला जाते ते त्यामुळे. म्हणून घेतलेल्या गाडीचे ब्रेक ऑईल पहिल्याच दिवशी बदलावे आणि नंतर साधारण दोन वर्षांनी बदलत जावे.

हँडब्रेक : जुन्या बनावटीच्या काही जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, दांड्यावर असतो. ट्रान्सफर केसचे सील गळत असेल तर ऑईल थेट त्या ड्रममध्ये उतरते. शिवाय दांड्याचा क्रॉस तुटला तर हा ब्रेक चाकापर्यंत पोचतच नाही. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक धरतो का ते पाहावे. पाहताना चाकामागे दगड ठेवण्यास विसरू नये.

स्टेअरिंग : पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड आली तर किंगपिन किंवा बेअरिंग. नंतर डावी-उजवीकडे धरून हलवावे. तेव्हा प्ले दिसला तर रॉडचे बॉल जॉइंट. दुसऱ्याने स्टेअरिंग फिरवावे आणि आपण खालून कुठला जोड आधी हलतो ते पाहावे.

फोर-व्हील : आधी पुढचा दांडा जागेवर आहे का ते पाहावे. ॲव्हरेज वाढावे म्हणून काही जण तो काढून ठेवतात आणि लिव्हर नुसती शोभेला राहते. मग गाडी नांगरलेल्या किंवा भुसभुशीत रानात न्यावी. पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवायचे लॉक असतील तर ते आधी लावावेत. ते न लावता लिव्हर टाकली तर पुढची चाके ओढत नाहीत आणि आपण उगाच गिअर बॉक्सला दोष देतो. फोर-व्हील लावून गाडी हळू पुढे घ्यावी, एकाने बाजूला लांब उभे राहून पुढची चाके माती ओढतात का ते पाहावे. लो गिअर पडतो का आणि पडल्यावर निसटतो का, तेही पाहावे. चारही टायर एकाच मापाचे हवेत. ही चाचणी आणि एरवीही फोर-व्हीलचा वापर डांबरी रस्त्यावर करू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके कमी-जास्त फिरतात, त्याचा ताण दांड्यावर व गिअरवर येतो आणि चांगली वस्तू मोडते.

घाट : शेवटी चार माणसे बसवून चढ चढावा आणि उतरावा. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणाऱ्याच्या गाडीत कधीही बसू नये. खाली आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन ऊब पाहावी. स्पर्श करू नये. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही.

कागद सोडू नयेत

गाडी पाहावी म्हणजे कागद पाहू नयेत असा अर्थ कुणी काढू नये. आर.सी.ची मुदत, विमा, दंडाची चलने हे सगळे हल्ली मोबाइलवर पाहता येते. एकोणतीस व तीस नंबरचे फॉर्म भरून नाव बदलून घ्यावे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. "होईल सावकाश" म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे की अपघाताच्या भरपाईच्या कामी आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल. म्हणजे गाडी विकून पैसे खर्च झाले तरी नाव बदलले नसेल तर नोटीस तुमच्याच दारात येणार.

आणखी एक सूचना. "सरकारी जीप आहे, कमी चाललेली आहे" असे सांगून कुणी विकत असेल तर तारीख पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पुरी झालेल्या सरकारी मालकीच्या गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्या मोडीत काढायच्या असतात. असल्या गाडीत पैसे अडकवू नयेत.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनीही यात लक्ष घालावे. वाडीतल्या जुन्या जीपमधूनच मुले शाळेला आणि बाया भांगलणीला जातात. मे महिन्याच्या शेवटी एक दिवस ठरवून तालुक्याचा चांगला मिस्त्री गावात बोलवावा. जीपवाल्यांनी मिळून त्याची मजुरी द्यावी आणि प्रत्येक गाडीचे ब्रेक, स्टेअरिंग, टायर पाहून घ्यावेत. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही. पांढऱ्या पाटीच्या जीपमधून भाडे घेऊन माणसे नेली तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, हेही ग्रामसभेत एकदा मोठ्याने सांगावे. पुष्कळांना ते खरोखरच माहीत नसते.

तात्यांनी जीप विकली नाही. मिस्त्रीकडून ब्रेक नवे करून घेतले, दांड्याचे क्रॉस बदलले आणि आता दर पावसाळ्याआधी चाके उघडून घेतात. आल्याच्या पैशांतले बरेच त्यात गेले. काकींचा हात अजून पूर्ण वर जात नाही. कुणी शेतकरी गाडीचे कागद घेऊन आला की मी कागद पाहतो आणि विचारतो, "गाडी कुठं आहे? चला, आधी ती बघू आणि मिस्त्रीला बरोबर घेऊ." दोन वर्षांपूर्वी एवढेच केले असते तर बरे झाले असते.

– कृषी विस्तार अधिकारी